सहावं अक्षर

अल्व्हरस्टनला, कालव्याच्या टोकाशी,
ऑल्विन पोस्टलथ्वेटच्या शेडमध्ये
मी दीड वर्ष दगडाची धूळ झाडायचो.
शाळेतल्या पाटीचाच दगड, पण चार बोटं जाड,
ओला केला की निळा, वाळला की राख.
त्यावर ऑल्विन मेलेल्यांची नावं कोरायचा.

मजकूर फोनवर घ्यायचा नाही, हा त्याचाच नियम.
डाव्या कानाने तो बहिरा.
पण त्या दिवशी फोनवर हेस्टर ब्रॉकबँक होत्या,
ज्यांनी त्याला लॅटिन शिकवलं होतं,
निदान प्रयत्न केला होता, एकाहत्तर साली.
बाईंना "पुन्हा सांगा" म्हणायची हिंमत
साठी उलटली तरी त्याला नव्हती.

एडगर ब्रॉकबँक, स्टेशनर.
खाली एकच ओळ: तो माझा कॉम्प्लिमेंट होता.

आता इथे, आपल्या लिपीत,
हा शब्द एकच दिसतो.
तिकडे सहावं अक्षर ई असलं तर पूरक,
जे गेल्यावर मागे अर्धंच उरतं ते.
आय असलं तर तारीफ,
टोपी किंचित उचलून म्हटलेलं काहीतरी गोड.
कान दोघांना एकाच दाराने आत घेतो.

ऑल्विनने आय कोरला. तीन दिवस.

चूक मला दिसली, कारण मी इंग्रजी
स्पेलिंगं घोकून शिकलो, आईच्या मांडीवर नाही.
"इथे ई नको का?" म्हटलं,
आणि तो गोणपाटावर बसलाच.
आमच्याकडे काळ्या दगडावरची रेघ म्हणतात,
हे मी त्याला तेव्हाच सांगायला नको होतं.
'ध'चा 'मा' झाल्याची गोष्ट मात्र गिळली.

बाईंना कळवलं. "मॉर्निंगमध्ये येते," म्हणाल्या.
सकाळी, की सुतकात? तो मलाच विचारत राहिला.
ती दोन तर एकमेकांची कोणीच नव्हेत,
स्टँडवर दोन परक्यांचे कोट सारखे निघावेत तशी.

आल्या. हातमोजा काढून
बोट ओळीवरून नेलं, सहाव्यावर थांबल्या.
"एडगरने चव्वेचाळीस वर्षांत माझी तारीफ केली
ती एकदा. पेन्सिलींच्या हिशेबाची."
मग तोच जुना आवाज:
"ऑल्विन. कॉम्प्लेरे. अर्थ?"
तो चक्क उभा राहिला. "भरणे, बाई. काठोकाठ."
"दोघी तिथल्याच. सख्ख्या.
एक घरातून थेट इकडे आली, तशीच राहिली.
दुसरी स्पेन, इटली, फ्रान्स फिरली,
वाकून नमस्कार करायला शिकली,
आणि आली तेव्हा तिचा एक स्वर बदललेला."

नावाखालच्या शब्दावर हात ठेवून म्हणाल्या,
"बाकीचे माल पाठीवर घेऊन गावोगाव हिंडायचे.
जो एका जागी उभा राहिला तो स्टेशनर.
त्याच्या दुकानात मिळते ती स्टेशनरी,
आणि जे हलतच नाही तेही स्टेशनरी.
शेवटून तिसरं अक्षर. तीस वर्षं
पोरांच्या वह्यांत ते मी लाल करत आले.
आता तो"
पुढचं वाक्य त्यांनी केलं नाही.

ऑल्विन म्हणाला, नवा दगड, पैसे नकोत.
विचार करते, म्हणाल्या. पाऊस भुरभुरत होता,
छत्री इथेच विसरून गेल्या.

आठवड्याने पत्र आलं,
एडगरच्या दुकानातल्या रेघी कागदावर:
राहू दे. तेही खरंच आहे.
तोंडाने बोलला नाही,
तोच होता, मला मिळालेला.

सोबत चेक, पूर्ण रकमेचा,
आणि ऑल्विनने लिहिलेली रिसीट, परत.
तिच्यात एक पी राहून गेला होता,
तो लाल शाईने, जागेवर, नीट बसवलेला.
कोणीच उच्चारत नाही तो.
फार पूर्वी कुणीतरी लॅटिनच्या आठवणीला
ठेवून दिलाय, तेव्हापासून आहे.